आवाज येऊन राहिला का?

छत्रपती चौकातून थोडं आत, मेट्रोच्या खांबाच्या सावलीत
माझं काम. सावली सरकते तशी गाडी सरकवतो.
मे महिन्यात पाना उचलायचा
तर आधी बादलीत बुडवावा लागतो.

दयारामजी ठवकर, वेकोलिचे रिटायर,
चौदा वर्षांची वॅगन-आर, सीटवर अजून शोरूमची पन्नी.
म्हणाले, डिजिटल रेडिओ लाव, एरियलसकट.
खाणीत अर्धे कान गेले,
उरलेले खरखरीत घालवत नाही मी.
आन् तो माईक बी लाव, हात न लावता बोलायचा.

शेजारच्या सीटवर चंद्रकलाबाई. उतरल्याच नाहीत.
दाराचं रबर ओढलं, काचेच्या कडेचं प्लास्टिक चटकन सुटलं,
मागून पडले बडीशेपेचे चार दाणे
आणि केसांची एक काळी पिन.
पिन त्यांनी मागून घेतली. उलटीसुलटी पाहिली.
खोचली.

एरियल म्हणजे काय, काचेवर डकवायची पट्टी,
पतंगाच्या शेपटीएवढी. एकदा चिकटली की चिकटली,
खाली बुडबुडा राहिला तर तो बी कायमचा.
तिचं तांब्याचं टोक टेकवलं पत्र्याला,
तर रेडिओत नुसती हूं-हूं.
रेस दिली की हूं-हूं मोठी.
मधे रंग येतो ना. तांब्याला नागडं लोखंड लागतं.
ब्लेडनं नखाएवढा रंग खरवडला,
दयारामजी असे कळवळले
जसं त्यांच्याच गुडघ्याचं साल निघालं.
हूं-हूं थांबली.
बातम्या लागल्या, इतक्या साफ
की वाचणारीनं कागद उलटलेला ऐकू आला.

आता माईक. पुस्तकात दाखवलाय ड्रायव्हरच्या बाजूला.
वायर तिकडं वळवली, तेव्हा बाई पहिल्यांदा बोलल्या:
एकवीस वर्षं मी फोन धरला यांच्या कानाले.
उमरेड रोड, भंडारा रोड,
पोरीच्या सासरचा तो खड्ड्यांचा रस्ता.
यांना ऐकू नाही गेलं तर मी सांगायची,
यांनी भलतंच सांगितलं तर मी दुरुस्त करायची.
आता हात मोकळा. काय करू त्याचं?

पन्ह्याची बाटली धर, दयारामजी म्हणाले.
त्या हसल्या नाहीत.

मी वायर परत ओढली.
छताच्या दिव्यापाशी, दोघांच्या बरोबर मधात
तो शेंगदाण्याएवढा माईक बसवला.
दीड फूट वायर जास्त गेली. बिलात धरली नाही.

टेस्टिंगला माझाच नंबर लावला.
खांबाच्या पलीकडे जाऊन उचलला.
आवाज येऊन राहिला का? – ते.
येऊन राहिला जी, जरा हळू बोला.
हळूच तर बोलून राहिले ते! – त्या.

पैसे मोजले, शंभर कमी. गेले वर्धा रोडनं.

मी डबा उघडतो न उघडतो, फोन.
ठवकरजी. कुठलं तरी बटण दाबल्या गेलं असेल.
हॅलो म्हणणार, तोच:
बाप्पा, रेडिओ काहून बंद पडला?
आत्ता तर चालू होता.
फसवलं पोरानं.
फोन लावा त्याले.
कसा लावू, गाडी चालवून राहिलो ना मी.
मंग तो माईक कायले घेतला?

थोडा वेळ कोणी काही नाही.
नुसती इंडिकेटरची टिकटिक.
मी कान देऊन ऐकलं, हूं-हूं आहे का.
नव्हती.
मग त्या, हळू, पण मला स्पष्ट:
राहू द्या आता. हात कापत होते त्याचे.
जेवला नसन पोरगा.

भाकर हातात तशीच होती.
करंगळीनं लाल बटण दाबलं.
तिकडं रेडिओ
परत लागला असेल.